बडोद्यात पहिली नोकरी: गेटपासून पहिल्या वर्षापर्यंत

दर जुलैत आमच्या प्लांटच्या गेटवर नवी मुलं-मुली दिसायला लागतात. छातीशी धरलेली फाइल, कोरे बूट, आणि सिक्युरिटीवाल्याने गुजरातीत काय विचारलं ते न कळल्यामुळे गोंधळलेला चेहरा. बरीच जळगाव, धुळे, नंदुरबारकडची असतात. काही इथलीच, दांडिया बाजारात नाहीतर वाडीत वाढलेली. मीही 2001 साली भुसावळहून असाच आलो होतो, मेंटेनन्समध्ये ट्रेनी म्हणून. आता या मुलांना पहिले सहा महिने माझ्याकडे सोपवतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं केमिकल प्लांटची आहेत, कारण माझी सगळी नोकरी त्यातच झाली. पण बँकेत, सीएच्या ऑफिसात किंवा सॉफ्टवेअर कंपनीत लागणाऱ्यालाही यातलं पुष्कळसं उपयोगी पडेल.

1. रुजू होण्याआधी: कागद

आधार, पॅन, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि आपलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे ते गाळलेलं, असं हमखास असतं. आज हे किरकोळ वाटतं. पाच वर्षांनी पीएफ काढायला गेलात की त्या एका अक्षरासाठी सहा खेटे पडतात. दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

नियुक्तीपत्र हातात आल्याशिवाय जुनी नोकरी किंवा कोर्स सोडू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ते मागताना संकोच करू नका. पत्रात चार गोष्टी शोधा: पद, प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस पीरियड किती, आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, आहे का. बाँड असेल तर मुदत आणि रक्कम घरी दोन जणांना वाचायला द्या, मगच सही करा.

पत्रावर 'ट्रेनी' लिहिलंय की 'अप्रेंटिस', हेही बघा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या उमेदवाराला स्टायपेंड मिळतो, त्यातून पीएफ कापला जात नाही आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची हमी नसते. शिकायला ती जागा चांगलीच असते, पण घरी सांगताना 'नोकरी लागली' आणि 'अप्रेंटिसशिप मिळाली' यातला फरक आपल्यालाही ठाऊक असावा.

मूळ प्रमाणपत्रं कंपनीत जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद परत घेऊन या.

2. खोली

आधी कंपनीची बस कुठून सुटते ते विचारा, मग खोली शोधा. काम मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, असेल तर मांजलपूर, तरसाली बरं. रिफायनरी, कोयली, नंदेसरीकडे जायचं असेल तर गोरवा, छाणी, निझामपुरा. सावली-हालोलवाल्यांनी हायवेच्या बाजूला, समा किंवा आजवा रोडकडे बघावं. सकाळी 7 च्या शिफ्टची बस सहाच्या आतच नाक्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही.

तळमजल्याची खोली दाखवली तर आधी भिंतीकडे बघा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या मोठ्या भागात घरांत पाणी शिरलं होतं. नवा रंग दिलेला असला तरी फुगलेला दरवाजा, गंजलेल्या बिजागऱ्या आणि जमिनीपासून फार वर नेलेला स्विचबोर्ड यावरून पाणी कुठवर चढलं होतं ते समजतं. शेजाऱ्यांना विचारा, लोक खरं सांगतात. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिटची पावती घ्या आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी मालकाकडून करून घ्या.

खोलीच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. सप्टेंबर 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच शहरात नोकरीवर रुजू झाले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, वय 26, संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार आलेले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर काही दिवसांत लाठ्या घेतलेल्या माणसांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, झाडाखाली बसून त्यांनी ते तास काढले आणि मुंबईची गाडी धरली. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. पहिल्या सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन या.

हे सांगण्याचं कारण असं की फोनवर आधी आडनाव विचारणारे घरमालक अजूनही आहेत. तिघे जण मिळून घर शोधत असाल आणि दोघांना 'या' म्हणून तिसऱ्याला टाळलं जात असेल, तर "आम्ही तिघं एकत्रच राहणार" एवढं बोला आणि पुढचं घर बघा. बडोद्यात घरं पुष्कळ आहेत. ज्या सहकाऱ्यासाठी तुम्ही त्या दिवशी थांबाल, त्याच्यासोबत तुम्हाला पुढे रात्रपाळ्या काढायच्या आहेत.

3. कान गुजरातीला लावा

इथे मराठी समजणारे खूप भेटतील. गायकवाडी राज्यामुळे शहरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, सेव-उसळीची गाडीही नाक्या-नाक्यावर सापडेल. पण प्लांटची, मार्केटची आणि कँटीनची भाषा गुजराती आहे. ती येत नाही म्हणून हिंदीवर वर्षानुवर्षं भागवणारे मी बघितलेत. त्यांचं काम चालतं, पण चहाच्या टपरीवरच्या ज्या गप्पांतून खरी माहिती मिळते, त्या त्यांच्यापाशी पोचत नाहीत.

लिपी दोन आठवड्यांत येते. शिरोरेघ काढून टाकलेली देवनागरी समजा, वेगळी अक्षरं थोडीच आहेत. खरा धोका ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. "जम्या?" असं विचारलं तर ते 'जेवलात का' असं विचारताहेत, काम जमलं का असं नाही. "मोडुं थयुं" म्हणजे उशीर झाला, काही मोडलेलं नाही. "वार लागशे" म्हणजे वेळ लागेल. आणि "थई जशे" ऐकलंत की नम्रपणे लगेच विचारा, "केटला वागे?" म्हणजे किती वाजता. होईल म्हणणारा माणूस मनापासून म्हणत असतो, पण त्याच्या डोक्यातला वेळ आणि तुमच्या डोक्यातला वेळ एकच असेल असं नाही.

हाक मारताना नावाला भाई किंवा बेन जोडा. तीस वर्षांच्या अनुभवाच्या ऑपरेटरलाही भाईच म्हणायचं, आणि त्यात पूर्ण आदर आहे. कॉलेजातून आलेली मुलं साहेबांना 'सर' म्हणतात आणि ऑपरेटरला नुसत्या नावाने हाक मारतात. ही सवय पहिल्याच दिवशी सोडा.

अरविंद घोष 1893 साली इंग्लंडहून थेट बडोदा संस्थानच्या नोकरीत आले तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. सर्व्हे सेटलमेंट खातं, महसूल, सचिवालय असं फिरत फिरत शेवटी बडोदा कॉलेजात शिकवायला लागले, आणि या 13 वर्षांत मराठी आणि गुजराती दोन्ही शिकले. पहिल्या वर्षात तुम्हालाही एका खात्यातून दुसऱ्यात टाकतील. ती शिक्षा समजू नका. स्टोअर्समध्ये काढलेला एक महिना मला आजही उपयोगी पडतो, कारण कुठला सुटा भाग यायला किती आठवडे लागतात ते तिथेच कळलं.

4. पहिले पंधरा दिवस

सेफ्टी ट्रेनिंगमध्ये झोपू नका. प्लांटवर पाऊल ठेवलंत की आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठे आहे आणि जमण्याची जागा कुठे आहे ते बघा. वायुगळती झाली तर वाऱ्याला आडवं चालत बाहेर पडायचं असतं.

पर्मिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हा नुसता कागद नसून तुमचा जीव आहे. वेल्डिंग, उंचीवरचं काम, टाकीत उतरणं, विजेचं काम, प्रत्येकाला वेगळं पर्मिट असतं. टाकीत ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही, आणि हे मीटरने मोजायचं, नाकाने नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून 'आता वास येत नाही' याचा अर्थ 'वायू गेला' असा होत नाही. आणि आत कुणी पडलेलं दिसलं तर धावत आत शिरू नका. बाहेरून आरडाओरडा करा, अलार्म दाबा, श्वसनयंत्र लावलेल्या माणसांची वाट बघा. अशा अपघातांत वाचवायला म्हणून मागोमाग उतरलेली माणसंही जातात. हे वाक्य मी तीनदा म्हणवून घेतो.

पर्मिटशिवाय काम कर असं कुणी सांगितलं, कुणीही, तर "पर्मिट आलं की लगेच सुरू करतो" असं म्हणा आणि उभे राहा. घाई त्यांची आहे, शरीर तुमचं आहे.

5. लिहा, आणि तारीख घालून लिहा

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवतो, आणि त्याला कारण माझा दुसरा महिना आहे.

शिफ्ट बदलताना लॉगबुक वाचायचं असतं. एका दुपारी त्यात आधीच्या पाळीची गुजराती नोंद होती: कूलिंग वॉटर पंप बी, ग्लँड पॅकिंग, काले. ग्लँड पॅकिंग म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवतीचं, गळती रोखणारं सील. मला लिपी नुकतीच यायला लागली होती, त्याचा आनंदही होता. मी 'काले' वाचलं आणि मनात 'काल' घेतलं. पॅकिंग काल बदललं, पंप तयार आहे. गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही, हे मला माहीत नव्हतं. लिहिणाऱ्याला 'उद्या बदलायचं आहे' असं म्हणायचं होतं.

पंप ए सर्व्हिसिंगला बंद करायचा होता. मी बी चालू करून दिला. पाचेक मिनिटांत शाफ्टपाशी पाण्याची बारीक धार दिसली. इथे माझी खरी चूक झाली. मी कुणाला फोन केला नाही. पॅकिंग नवं आहे, बसेल हळूहळू, असं स्वतःला समजावत मी तिथे वीस मिनिटं उभा राहिलो. धार वाढत गेली, पाणी मोटरपर्यंत पोचलं आणि मोटर ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. तोवर ए खोलून ठेवलेला. दीड तास प्लांटचा लोड उतरवावा लागला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

फोरमन ओरडले नाहीत. लॉगबुक उघडलं, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वांच्युं तो खरुं, पण पूछ्युं केम नहीं?" वाचलंस ते खरं, पण विचारलं का नाहीस. मग घड्याळाकडे बघून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की धार पहिल्यांदा किती वाजता दिसली. मी खरी वेळ सांगितली. वीस मिनिटांचा हिशोब तिथेच उघडा पडला. त्या प्रश्नाने पोटात जे कालवलं ते अजून आठवतं.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. खिशात मावेल अशी वही ठेवा. आज, काल, उद्या हे शब्द त्यात लिहायचे नाहीत, तारीख लिहायची. 'झालं' किंवा 'व्हायचंय' यातलं एक लिहिल्याशिवाय नोंद संपवायची नाही. 'गळतंय' असं न लिहिता किती ते लिहायचं. नमुना बघा:

14 ऑगस्ट, 16:40. पंप बी, ग्लँडमधून मिनिटाला साठेक थेंब, सकाळी वीस होते. 16:45 ला फोरमनना फोन. पॅकिंग 15 ऑगस्टच्या सकाळच्या पाळीत बदलायचं आहे, अजून झालेलं नाही. तोवर पंप ए वर.

एवढं वाचून दुसरा माणूस तुम्हाला फोन न करता काम पुढे नेऊ शकतो. ऑफिसातल्या नोकरीतही तेच आहे. फाइल कुणाकडे, कधीपासून, कशासाठी अडली आहे, हे ईमेलच्या तीन ओळींत यायला हवं. साहेबांनी तोंडी काम सांगितलं तर जागेवर परत आल्यावर "तुम्ही सांगितल्याप्रमाणे शुक्रवार 22 तारखेपर्यंत अमुक करतो" असा मेसेज टाका. समजण्यात फरक असेल तर तो त्याच दिवशी निघतो.

चूक झाली, किंवा होतेय असं वाटलं, की दहा मिनिटांच्या आत सांगा. फोनवर तीन गोष्टी पुरतात: काय दिसतंय, केव्हापासून, आणि मी आत्तापर्यंत काय केलं. कारणं आणि माफी नंतर. मुलांना वाटतं, आधी निस्तरू आणि मग सांगू. पण लवकर आलेल्या वाईट बातमीवर साहेबांना काहीतरी करता येतं, उशिरा आलेलीवर फक्त चिडता येतं. मी माझ्या हाताखाली आलेल्यांपैकी चुका केल्या म्हणून कुणाचं नाव कायम करण्याच्या यादीतून काढायला सांगितलेलं नाही. लपवल्या म्हणून दोघांचं सांगितलं आहे, आणि ते सोपं गेलं नाही.

'कळलं नाही' हे म्हणायची मुदत पहिले सहा महिने असते, ती पुरेपूर वापरा. सातव्या महिन्यात तोच प्रश्न विचारायला जड जातं.

6. पगाराची स्लिप

वर्षाला 3,60,000 सीटीसी (कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च) म्हणजे महिन्याला 30,000 हातात, असं घरी सांगून बसू नका. बेसिक 15,000 धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 त्या तीस हजारांतच मोजलेले असतात. मग तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि गुजरातचा व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात साधारण साडेपंचवीस हजार येतात. कँटीन आणि बसची कपात असेल तर आणखी कमी.

कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दरमहा 2,350 जमा दिसले पाहिजेत. तीन महिन्यांतून एकदा पासबुक उघडून बघा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, असं झालं तर एचआरला लेखी विचारा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा नंबर, जन्मभर एकच असतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि नॉमिनेशन पहिल्याच महिन्यात भरा. ठरलेला महिन्याचा पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो, 0.75 टक्के तुमचे जातात, आणि दवाखान्याची सोय तुमच्यासोबत आईवडील अवलंबून असतील तर त्यांनाही मिळू शकते. कार्ड काढून ठेवा.

7. रजा आणि सण

नवरात्रात इथे शहर रात्रभर जागं असतं आणि प्रत्येकाला सकाळची पाळी हवी असते. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायण, तेव्हा धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, सगळं शहर. दिवाळीचं तर विचारूच नका. मराठी मुलांचा जीव गणपतीत. मग सरळ अदलाबदल करा: "गणेश चतुर्थीला मला सोडा, बेसतां वर्षाला मी येतो." बेसतां वर्ष म्हणजे दिवाळीनंतरचं गुजराती नवं वर्ष. कॅलेंडर हातात घेऊन जूनमध्येच बोलून ठेवा. आयत्या वेळी आजारपण सांगून गावी गेलेला मुलगा सगळ्यांना कळतो, फोटो कुणीतरी टाकतंच.

आणि एक. गुजरातेत दारूबंदी आहे. गावाहून येताना मित्रासाठी म्हणून आणलेली एक बाटलीसुद्धा चेकनाक्यावर केस होऊ शकते. बॅगेत आणू नका, रूमवर ठेवू देऊ नका.

8. वर्षानंतर

दुसरीकडे जास्त पगार मिळत असेल तर जा, त्यात बेइमानी काही नाही. फक्त नोटीस पूर्ण करा. अर्ध्यात सोडून गेलेल्याचं नाव जीआयडीसीत फिरतं, कारण मकरपुऱ्यातले मेंटेनन्सवाले आणि नंदेसरीतले एकमेकांना ओळखतात. शेवटच्या आठवड्यात चार कागद घ्या: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला) कधी मिळणार याची तारीख. पीएफ काढून घेऊ नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग नोकरी होण्याआधी काढला तर तो करपात्र ठरतो.

नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या. दोन महिन्यांनी पासबुक उघडा. जुनी रक्कम आलेली दिसली नाही तर जुन्या एचआरला फोन करा. त्यांचा नंबर वहीत आहेच.